बंद माइक आणि पाण्याखालचा माणूस

मला राग आला की मी ऑफिसात अत्यंत शुद्ध मराठी बोलायला लागतो. बंगळूरला व्हाइटफील्डच्या त्या काचेच्या इमारतीत याचा फायदा असा की कुणाला काही कळत नाही. तोटा असा की आमच्या साहेबांना कळतं, कारण ते ठाण्याचे. मधले काही आठवडे मी इतकं शुद्ध बोललो की शेजारच्या टेबलावरच्या तमिळ मुलाने एकदा अदबीने विचारलं, "सर, रोज दुपारी तुम्ही कुठलं स्तोत्र म्हणता?"

राग कशाचा ते सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. ते माझ्या सासऱ्यांनाही अजून कळलेलं नाही. सासरे जुन्या बंगळुरी मराठी घराण्यातले. उभा जन्म चिकपेटेत दोरखंड आणि साखळ्या विकल्या, आता जे. पी. नगरात आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. 'जावई काय करतात?' असं कुणी विचारलं की अण्णा सांगतात, "नेव्हीत आहेत."

"मग रोज घरी कसे दिसतात?"

"कंप्यूटरवर करतात नेव्ही. आता तशी निघालीय."

तर ऐका. समुद्राच्या तळावर वायूच्या पाइपलाइनी टाकलेल्या असतात. मासेमारीच्या बोटींची जाळी त्यांच्यावरून फरफटत जातात, नांगर घासतात, आणि प्रवाह पाइपाखालची वाळू काढून नेतो. मग मधेच एखाद्या ठिकाणी पाइप अधांतरी राहतो. असा लोंबता पाइप पाण्याच्या हिसक्यांनी थकतो आणि एक दिवस तडकतो. ते होऊ नये म्हणून त्याच्याखाली टेकू देतात आणि वर काँक्रीटचे ठोकळे दोरांत ओवून केलेलं एक अवजड पांघरूण घालतात. इंग्रजीत त्याला मॅट्रेस म्हणतात. पण गादी माणूस खाली घालतो आणि हे वरून घालायचं असतं, म्हणून मी त्याला गोधडी म्हणतो. ही गोधडी जहाजावरची क्रेन खाली सोडते. तळाशी एक पाणबुड्या उभा असतो. गोधडी तळाजवळ आली की तो पुढे होऊन ती पाइपावर सरळ बसवतो आणि हूक सोडवतो. तोवर त्याने लांब राहायचं.

जहाज कुठे, हूक कुठे, गोधडी कुठे आणि माणूस कुठे, हे सतत सांगत राहणं म्हणजे माझं काम. जहाजाचा ठाव उपग्रहांवरून लागतो. पाण्याखालच्या वस्तूंना मात्र आवाजाने हाका मारून विचारावं लागतं. पाणबुड्याच्या पाठीवर आणि गोधडीच्या चौकटीवर एकेक यंत्र बसवलेलं असतं. जहाजाने हाक दिली की ते ओ देतं, आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो.

पूर्वी या कामाला जहाजावर दोन सर्व्हेअर असायचे. एकाची नजर क्रेनवर, दुसऱ्याची पाणबुड्यावर. मग जहाजावरची एक झोपायची जागा कुणालातरी हवी झाली, आणि दुसऱ्या सर्व्हेअरची खुर्ची उचलून व्हाइटफील्डला आणली. त्या खुर्चीत मी. ज्या दिवशी मला जहाजावरून उतरवलं त्या दिवशी मी पेढे वाटले, हेही सांगून टाकतो. जहाजावर पहिला आठवडा मी कायम एका बादलीच्या सहवासात काढायचो. सगळ्या खलाशांना ती बादली माझी म्हणून माहीत होती. कुणी तिला हात लावत नसे.

जहाज आणि बंगळूर यांच्यामध्ये एक बोलायची लाइन सतत उघडी असते. तिच्यावर पाच जण: क्रेनवाले, पाणबुड्यांचे सुपरवायझर, कॅप्टनच्या खोलीतला अधिकारी, जहाजावर उरलेली एकटी सर्व्हेअर आणि मी. या लाइनवर एक नियम आहे, आणि तो माझ्या मते या धंद्यातला एकमेव शहाणा नियम आहे. पाचांपैकी कुणीही, कुठल्याही क्षणी "ऑल स्टॉप" म्हणायचं. म्हटलं की क्रेन जागच्या जागी थांबते. का, कशाला, हे नंतर. आणि जो ओरडला त्याचे, त्याचं चुकलं असलं तरी, आधी आभार मानायचे. शिव्या नंतर, लाइन बंद करून.

आता माझा पराक्रम.

मला नकाशा वाचता येत नाही. समुद्रतळावर वीतभर इकडेतिकडे खपवून न घेणारा मी, चिकपेटेत बायकोच्या ब्लाउजच्या शिंप्याकडे जाताना फोन हातात गरगर फिरवतो आणि स्वतःही त्याच्याबरोबर फिरतो. शेवटी त्याच भांडीवाल्याच्या दुकानासमोर पुन्हा पुन्हा येतो. तो आता मला चहा विचारतो. या खोडीमुळे मी ऑफिसातल्या माझ्या पडद्यावरचा नकाशाही उत्तर वर ठेवून न बघता जहाजाचं नाक वर ठेवून बघायचो. जहाजात बसल्यासारखं वाटतं, असं मी लोकांना रुबाबात सांगायचो.

त्या दिवशी सकाळी जहाजाचं नाक उत्तरेलाच होतं. म्हणजे नाक वर काय आणि उत्तर वर काय, एकच. मी चहाला गेलो. तेवढ्यात लाटांची दिशा बघून कॅप्टनने जहाज फिरवलं आणि नाक दक्षिणेला केलं. मी परत येऊन बसलो. पडद्यावर जहाज जसंच्या तसं, नाक वर. नकाशा मात्र खालचा वर झालेला. सुपरवायझर सांगत होते, "डायव्हर पाइप के वेस्ट में है, लोड ईस्ट से आ रहा है." पाणबुड्याचा ठिपका त्या घडीला गायब होता. पाइपाच्या आडोशाला गेला की तो असा मधूनमधून जातो. आणि गोधडी माझ्या पडद्यावर डावीकडून खाली येत होती.

डावीकडे म्हणजे पश्चिम, असं मला तिसरीत शिकवलं होतं. पश्चिमेला माणूस उभा होता.

"ऑल स्टॉप! ऑल स्टॉप! ऑल स्टॉप!"

क्रेन थांबली. लाइनवर नुसती खरखर.

"कौन बोला?" सुपरवायझर.

"बंगलोर."

"क्या देखा, बंगलोर?"

"लोड डायव्हरच्या बाजूनं येतोय. डाव्या बाजूनं."

मग जहाजावरची सर्व्हेअर, नागपूरची मुलगी, अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमचा नकाशा उलटा आहे ना. जहाज फिरलं मघाशी."

मी पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यातला उत्तरेचा बाण खाली तोंड करून उभा होता.

"थँक यू, बंगलोर," सुपरवायझर म्हणाले. नियमाप्रमाणे. दात खाऊन, पण म्हणाले. त्यानंतरचं जे लाइन बंद करून म्हणायचं असतं, ते म्हणताना ते लाइन बंद करायला विसरले. माझ्या कुळाबद्दल मला नवीन बरंच कळलं.

भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ गप्प असतं. पाणबुड्याला तेवढ्यात काम उरकावं लागतं. माझ्या ओरडण्याने ती वेळ टळली. प्रवाह सुटला, माणूस वर घेतला, गोधडी वर घेतली, आणि अख्ख्या जहाजाचा एक दिवस पाण्यात गेला. संध्याकाळपर्यंत जहाजावर माझं नाव 'दक्षिणमुखी' पडलं. कुणीतरी मला दक्षिणमुखी मारुतीचा फोटोही पाठवला, वर लिहून: याच्यासारखं व्हा. मी हसलो. ही थट्टा माझ्या हक्काची होती, मी ती कमावली होती.

राग त्यानंतर सुरू होतो.

साहेबांनी मीटिंग घेतली. साहेब कधी आवाज चढवत नाहीत. ते इतके गोड बोलतात की माणसाला आपण आजारी असल्यासारखं वाटायला लागतं. "हे बघ, इट्स नॉट अबाउट यू," ते म्हणाले. पडद्यावर एक पान होतं. त्यावर माझ्या चुकीचं सुंदर रंगीत चित्र होतं, बाणासकट. खाली उपाय: यापुढे गोधडी खाली जात असताना बंगळूरचा माइक बंद राहील. बंगळूरला काही दिसलं तर बंगळूर जहाजावरच्या सर्व्हेअरला चॅटवर लिहील. सर्व्हेअर खात्री करील. खात्री पटली तर ती 'ऑल स्टॉप' म्हणेल.

मी म्हणालो, "साहेब, मी टाइप करेपर्यंत ती गोधडी कुठे पोचली असेल?"

"तू फास्ट टाइप करतोस रे."

"आणि ती कधी वाचणार? तिचा एक डोळा क्रेनवर, एक डोळा जहाजावर. चॅट कुठल्या डोळ्यानं वाचू?"

"तेच तर. ती व्हॅलिडेट करेल. फिल्टर हवा ना आपल्याला. असे फॉल्स स्टॉप परवडणार नाहीत."

"मग माझा नकाशा उत्तर वर करून कुलूप लावून टाका की. फिरवताच येऊ नये असा. अर्ध्या तासाचं काम आहे."

साहेबांनी मान हलवली. हळूच, सहानुभूतीने. "सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचा म्हणजे क्लायंटचं अप्रूव्हल लागतं. प्रोसेस आहे. वेळ लागेल."

"आणि माइक?"

"माइक काय, लाइनचा होस्ट मीच आहे. आत्ताच म्यूट केला."

हे ऐकल्यावर माझं शुद्ध मराठी सुरू झालं. त्यातलं छापण्याजोगं एवढंच, की माझा नकाशा सुलटा करायला परवानगी लागते आणि माझं तोंड बंद करायला लागत नाही, ही कुठली प्रोसेस? मी गाढव आहे, मान्य. गाढवाला शिक्षा करा. त्याची बढती अडवा, त्याला रोज सकाळी दारात उभं करून सूर्य कुठून उगवतो ते विचारा. पण तळाशी उभ्या असलेल्या माणसासाठी ओरडू शकणारी पाच तोंडं होती, त्यातलं एक तुम्ही माझ्या गाढवपणाचं निमित्त करून काढून टाकताय. तो माणूस काही माझ्या चुकीला जबाबदार नाही. त्याच्या डोक्यावर ती गोधडी येते. माझ्या डोक्यावर इथे एसी येतो.

"तू इमोशनल होतोयस," साहेब म्हणाले. "पाणी पी."

पाणी पी! मी बाटली उचलली आणि तिचं झाकण रागाच्या भरात इतकं आवळलं की मग ते उघडेना. साहेब वाट बघत बसले. शेवटी त्यांनीच उघडून दिलं. असं भांडण कोण जिंकणार?

घरी गेलो तो धुमसतच. मेट्रोत एका माणसाच्या पायावर पाय दिला आणि वर त्यालाच म्हणालो, "ओरडला का नाहीत?" घरी बायकोने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला तिथं ओरडायचं होतं तर तिथं ओरड. इथं कुकरवर कशाला? त्याची शिट्टी तो स्वतः वाजवतो."

अण्णा वरून खाली आले. आवाज वर ऐकू गेला होता. "जावईबापू, स्वल्प बसा. काय झालं?" मी सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे तुम्ही चुकीचं ओरडलात."

"हो."

"मग साहेबांनी तोंड बंद केलं. सरी, बरोबर केलं. चुकीचं ओरडणाऱ्याला अजून काय करायचं?"

"अण्णा, खाली माणूस आहे हो!"

"आहे ना. पण तुम्हाला तो डावीकडे दिसतो का उजवीकडे, तेच ठाऊक नाही," अण्णा म्हणाले आणि बायकोकडे वळले. "अगं, यांना उद्यापासून चिकपेटला एकटं पाठवू नको. सुम्ने, उगाच लोकांना त्रास."

माझ्या घरातच फितुरी होती. मी न जेवता उठणार होतो, पण बिसी बेळे भात होता, म्हणून जेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजावरच्या सर्व्हेअरचा फोन आला. लाइनवर ती मला सर म्हणते, फोनवर दादा. तिला नवा हुकूम कळला होता आणि ती माझ्यावरच भडकली होती.

"दादा, तुमच्यामुळं झालं हे सगळं."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे? मी एकटी बसते इथं. जहाज हललं का बघू, क्रेन बघू, ठिपका गेला की तो परत आणू, आणि वरून तुमचे निबंध वाचू? परवा तुम्ही चुकीचं ओरडले, तरी मला एक बरं वाटलं होतं. म्हटलं, कोणीतरी बघून राहिलंय. आता तुम्ही बघाल आणि मुक्यासारखे बसाल. मग त्या खुर्चीत तुम्ही काहून पाहिजे? भिंतीवर कॅलेंडर लावतो."

"मी काय करू? होस्ट साहेब आहेत."

"ते मला नका सांगू. तुम्ही चुकीचं ओरडा, दादा, पण ओरडा. माझ्या शिफ्टमध्ये माणूस खाली असताना मला बंद माइक नको." आणि तिने फोन ठेवला.

माझ्याहून बरीच लहान आहे ती. तिच्याशी भांडायला मला एकही मुद्दा सुचला नाही, म्हणून मी पुन्हा साहेबांशी भांडायला गेलो. साहेब कॉलवर होते. त्यांनी काचेतून मला हात केला, छान हसून.

पुढची गोधडी दोन दिवसांनी ठरली. माझा माइक बंद. पडद्यावर माइकच्या चित्रावर लाल काट, आणि मी दाबलं की एक पट्टी यायची: होस्टने तुम्हाला म्यूट केलं आहे. मी ती पट्टी बरीच वाचली. साहेबही त्या दिवशी लाइनवर होते, पलीकडे त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये, स्पीकर लावून. नवी पद्धत कशी चालते ते त्यांना जातीने बघायचं होतं.

आता क्रेनवाल्यांबद्दल सांगायला हवं. ते मालवणकडचे, वयाने मोठे, आणि हट्टाने त्याहून मोठे. त्यांच्या केबिनमध्ये इंजिनाचा इतका गडगडाट असतो की शब्द नीट कळत नाहीत, आवाज तेवढा ओळखू येतो. म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत पाडलेली आहे. गोधडी उचलण्याआधी लाइनवरच्या प्रत्येकाने एकदा 'ऑल स्टॉप' म्हणून दाखवायचं. त्यांनी ते कानात साठवायचं. मग क्रेन हलणार. ही रीत कुठल्याच नियमात लिहिलेली नाही, आणि ती मोडायची कुणाची छाती नाही.

पाणबुड्या खाली पोचला. पाणी गप्प झालं. क्रेनवाल्यांनी हजेरी सुरू केली.

सुपरवायझर म्हणाले, "ऑल स्टॉप." कॅप्टनच्या खोलीतून, "ऑल स्टॉप." नागपूरची सर्व्हेअर, "ऑल स्टॉप."

मग माझी पाळी.

"बंगलोर रवला मा!" क्रेनवाले म्हणाले. म्हणजे बंगळूर राहिलं.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "बंगलोर इज लिसनिंग ओन्ली. प्लीज प्रोसीड."

"हो कोण?"

"मी मॅनेजर. बंगलोरहून."

"तुम्ही नाय. परवा ओरडलेलो तो खंय?"

"तो आहे. तो फक्त ऐकतोय."

"ऐकणाऱ्याचो माका काय उपयोग? बोलणारो द्या, नायतर त्याका लाइनवरून काढा."

काढता येत नव्हतं. माणूस पाण्यात असताना दुसरा सर्व्हेअर लाइनवर हवाच, हे कामाच्या करारात लिहिलेलं होतं, आणि जहाजावरच्या झोपायच्या जागेपायी तो दुसरा सर्व्हेअर म्हणजे मी होतो. साहेब म्हणाले, "लेट्स बी फ्लेक्झिबल." क्रेनवाल्यांनी क्रेन हलवली नाही. लाइनवर इंजिनाची घरघर, आणि सुपरवायझरांचा आवाज, चिडलेला: "पानी निकल जाएगा, जल्दी करो." खाली तळाशी माणूस उभा होता, वर गोधडी डेकवर होती, आणि मी लाल काट मारलेल्या माइकवर बोट आपटत होतो.

मी उठलो. गोधडी हललेली नव्हती, म्हणून खुर्ची सोडली तरी चालण्याजोगं होतं; एवढं भान होतं. डोक्यावर हेडफोन आहे आणि त्याला वायर आहे, हे भान नव्हतं. चार पावलं गेलो आणि मागे कीबोर्ड, चहाचा कप आणि तमिळ मुलाचा चार्जर यांची मिरवणूक निघाली. तसाच, गळ्यात तुटकी वायर घेऊन मी साहेबांच्या केबिनचं दार ढकललं. ते ओढायचं होतं. मग ओढलं. साहेब तोंड उघडायच्या आत त्यांच्या टेबलावरच्या स्पीकरवर ओणवा झालो आणि ओरडलो:

"ऑल स्टॉप!"

मजल्यावरचे सगळे खरोखरच थांबले. पलीकडे एका विमा कंपनीचे लोक डबे खात होते, त्यांचे घास हातात राहिले. तमिळ मुलगा उभा राहिला.

स्पीकरमधून क्रेनवाले म्हणाले, "मेळलो. होच तो. उचलू?"

"नका उचलू," मी म्हणालो. "माझा माइक बंद आहे. साहेबांनी उघडला तर माझ्या जागेवर जाऊन बसतो. नाही उघडला तर दुसरा सर्व्हेअर लाइनवर नाही, असं सगळ्यांनी समजा."

"आपण नंतर बोलू," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोड नव्हता.

"नंतर पाणी सुटेल."

"सर," स्पीकरमधून नागपूरचा आवाज आला, "मला पण दुसरा माणूस पाहिजे. बोलणारा."

"मेरा आदमी नीचे खड़ा है," सुपरवायझर म्हणाले. "डिसाइड करो. नहीं तो मैं उसको ऊपर लेता हूँ."

साहेबांनी माझ्याकडे न बघता लॅपटॉपवर टिचकी मारली. "फक्त आजच्यापुरता."

मी धावत जागेवर गेलो, तमिळ मुलाचा हेडफोन न विचारता घेतला, चहाने भिजलेल्या खुर्चीत बसलो. नकाशा उत्तर वर होता. मी तो स्वतः सकाळी केला होता आणि कुणाचं अप्रूव्हल घेतलं नव्हतं. गोधडी खाली गेली. ठिपका मधेच गेला, परत आला. पाणबुड्या पुढे झाला, सरळ केली, हूक सोडला. काहीही घडलं नाही. मला एकदाही ओरडावं लागलं नाही. साहेबांनी नंतर हे मला दोनदा सांगितलं. "बघ, गरज पडलीच नाही."

या वाक्याचा मला आजही राग येतो. गरज पडली नाही, म्हणून तोंड नको! उद्या म्हणाल, पाणबुड्या पडला नाही, दोर कापा.

त्या दिवसानंतर साहेबांनी तडजोड काढली. दर खेपेला मी त्यांना आधी लेखी विनंती करायची, मग ते होस्ट म्हणून माइक उघडतील, गोधडी बसली की परत बंद करतील. मी दर खेपेला विनंती केली. 'माननीय महोदय' पासून सुरुवात करून, खाली 'आपला आज्ञाधारक' लिहून. त्यांना टोमणा कळला नसावा, कारण ते 'वेल ड्राफ्टेड' असं उत्तर द्यायचे. असं बरेच दिवस चाललं. माझं सांगणं त्यांना पटलं नाही. सर्व्हेअरने मेल लिहिली, पटली नाही. सुपरवायझरांनी एकदा फोन केला, त्यांनाही गोड बोलून वाटेला लावलं.

मग साहेबांच्या मेहुण्याचं लग्न निघालं, म्हैसूरला, मुलगी तिकडचीच. साहेब रजेवर गेले आणि होस्टपण कुणाच्या हवाली करायला विसरले. दुपारी पाणी गप्प झालं, हजेरी सुरू झाली, आणि माझ्या माइकवर लाल काट. क्रेनवाले म्हणाले, "बंगलोर रवला." मी साहेबांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. परत केला. सुपरवायझर लाइनवर माझ्या कुळाकडे वळायच्या बेतात होते. शेवटी साहेबांनी उचलला.

"अरे, मी पानावर बसलोय!"

"माइक, साहेब."

"हातात भात आहे माझ्या!"

"डावा हात?"

कुणाकडून तरी लॅपटॉप मागवला गेला. साहेब लाइनवर आले आणि गडबडीत माझ्याआधी स्वतःचाच माइक उघडून बसले. समुद्रावर, क्रेनच्या केबिनमध्ये, पूर्ण आवाजात नादस्वरम् सुरू झालं. त्यात कुणीतरी "सांबार, सांबार" करत हिंडत होतं.

"ही पिपाणी कोण वाजवता?" क्रेनवाले ओरडले. "बंद करा ती! माका काय ऐकू येणा नाय! ऑल स्टॉप!"

साहेबांनी डाव्या हाताने काय काय दाबलं देव जाणे. नादस्वरम् थांबलं, आणि माझ्या माइकवरची काट गेली. मी माझा आवाज दिला, क्रेनवाल्यांनी तो घेतला.

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला: बंगलोर माइक ऑलवेज ऑन. नो नीड टु कॉल मी.

एवढंच. इतक्या आठवड्यांची माझी डोकेफोड, त्या मुलीच्या मेल, सुपरवायझरांचे फोन, कशानेही जे झालं नाही ते पानावर वाढलेला भात गार झाल्याने झालं. तळाशी उभ्या माणसाच्या डोक्यावर काय येतं हे त्यांना कळलं नाही, स्वतःच्या जेवणात काय येतं हे कळलं. मी जागेवरून उठून शुद्ध मराठीत जे बोललो, त्याला तमिळ मुलाने नंतर 'लाँग व्हर्जन' म्हटलं.

पुढच्या गोधडीच्या दिवशी मी हे सगळं त्या नागपूरच्या मुलीला फोनवर सांगत होतो. माणसाच्या जिवासाठी नाही, भातासाठी माइक उघडला म्हणून, पुन्हा पुन्हा, आवाज चढवून. तिने जरा वेळ ऐकलं.

"दादा, उघडा आहे ना?"

"आहे, पण कशासाठी उघडला ते बघ की!"

"ते तुम्ही शिफ्ट संपल्यावर बघा. माणूस खाली पोचला. बसा जागेवर, हजेरी सुरू होतेय."